पंखाची खोळ, अस्तरासकट

४ जानेवारी, रविवार
सोनकच्छ रोडच्या मैदानावर क्लबची मीटिंग. सेक्रेटरी जगदेवरावांनी सांगितलं, पंचवीस तारखेला धारला रिमोटच्या विमानांचा मेळावा आहे, देवासकडून एक वजन-परीक्षक पाठवायचा. असं म्हणून माझ्याकडे पाहिलं. (माझी पुतणी कृतिका म्हणते, मागच्या चहावाल्याकडे पाहिलं. मत्सर.)
कॉन्व्हेंटमध्ये चौतीस वर्षं शिवण शिकवलं. कापड हातात घेतलं की किती भरेल ते सांगते, मग विमानाचं काय एवढं? पद माझंच. अट एकच: परीक्षकाचं स्वतःचं विमान अठरा तारखेला इथे एक फेरी उडालं पाहिजे. फॉर्मॅलिटी.

६ जानेवारी
विमान म्हणजे नुसता थर्माकोल. उघडंवाघडं. असं चारचौघांत न्यायचं? पंखांना आणि पोटाला पॉपलिनची खोळ शिवली. आत अस्तर, कडेने दोरीचं पायपिंग, खाली प्रेसची बटणं. वर दोन हात कडक खळ. आता कसं घरंदाज दिसतं.
हे म्हणाले, "जड नाही ना होणार?" नीलकंठरावांना लग्नापासून हीच चिंता.

९ जानेवारी, दुपारी ४
विंग लोडिंगचा हिशेब केला. उगाच बाऊ करतात. एक चौरस डेसिमीटर पंखावर किती ग्रॅम ओझं पडतं, एवढंच. धारला चाळीसच्या वर चालत नाही.
क्षेत्रफळ: वरची बाजू वीस, खालची बाजू वीस, शिवणीत दबलेलं दोन. एकूण बेचाळीस. क्लबातले सगळे खालची बाजू धरतच नाहीत! रजईचं कापड एका बाजूचं घेतात का? एकाही इंजिनिअरच्या लक्षात आलं नाही.
वजन हातावर घेतलं. सहाशे. सहाशे भागिले बेचाळीस, चौदा. असं विमान उडण्यापेक्षा खाली ठेवणंच अवघड जाणार.

११ जानेवारी, रविवार
मैदानावर सगळ्यांची विमानं हातात घेऊन तपासली. सवय असावी. जगदेवरावांचं विमान नापास केलं. त्यांनी हळूच विचारलं, "ताई, काट्यावर ठेवू या का?" मी म्हटलं, काटा दुकानदाराला लागतो.
कृतिकाचं विमान फारच हलकं. म्हटलं, "उपाशी ठेवतेस का गं याला?" तर म्हणते, "काकू, हल्काच तो चाहिए ना!" धड मराठी नाही आणि मला शिकवते. उद्यापासून तिला रोज एक पान शुद्धलेखन.

१४ जानेवारी
हळदीकुंकू. विमान बैठकीत मांडलं. सगळ्यांनी खोळेचा पॅटर्न मागितला. एकीने मिक्सरसाठी मागितला. शुद्धलेखन राहिलं.

१७ जानेवारी
यांनी नवीनच काढलं: बॅटरीचं वजन धरलंस का? नाही धरलं. बॅटरी चार्ज होऊन बाहेरून येते, काम झालं की जाते. पाहुण्याला कुटुंबाच्या वजनात धरत नाहीत. मग म्हणाले, "आणि खालची बाजू कशी काय मोजलीस?" रजईचं उदाहरण दिलं. चपला घालून फिरायला निघून गेले. पटलं.

१८ जानेवारी, रविवार
नवीन वाहन म्हणून कुंकू लावलं, झेंडूचा छोटा हार घातला. इंजिन सुरू. विमान धावलं. छान धावलं. धावतच राहिलं. मैदान संपलं, शेजारचा हरभरा सुरू झाला, तरी धावत होतं. हरभऱ्याचा मालक जगदेवरावांना ओरडून म्हणाला, "भिया, बाईजीने ट्रॅक्टर तो बढिया बनाया!"
वाऱ्यात दम नव्हता.
जगदेवरावांनी हार काढून, बॅटरीसकट विमान काट्यावर ठेवलं. एक हजार तीस. कृतिकाने मोबाईलवर वीसने भागाकार केला, साडेएक्कावन्न. मी बेचाळीसचं गणित समजावलं. जगदेवराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "ताई, धारला तुम्ही यायचंच हां." म्हणजे पद पक्कं. एका फेरीसाठी माणसाची चौतीस वर्षं कोण वाया घालवेल? निळी साडी काढून ठेवली.

२५ जानेवारी, रविवार. धार
टेबल होतं, काटा होता, "वजन-परीक्षक" अशी पाटी होती. पाटीमागे कृतिका होती. मला शेजारी खुर्ची दिली. देखरेखीसाठी असणार.
दुपारपर्यंत तिने सोळा विमानं तपासली. माझं विमान हे घेऊन आले. मला न विचारता. कृतिकाने परत साडेएक्कावन्न काढले आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, रूल है. मी नाही पास करू शकत." मी म्हटलं, करू नकोस. मीही केलं नसतं. (केलं असतं.)
तेवढ्यात यांनी खालची प्रेसची बटणं काढायला सुरुवात केली. टक, टक, टक. मी काही बोलायच्या आत खोळ माझ्या मांडीवर. उघडा थर्माकोल काट्यावर. सातशे वीस. भागिले वीस, छत्तीस. पास.
खोळ एकटीच ठेवून पाहिली तिने. तीनशे दहा. मी विचारलं नव्हतं.
यांनी विमान उडवलं. दहा पावलांत वर गेलं. तीन फेऱ्या मारल्या, एक आडवी गिरकीसुद्धा. जगदेवराव टाळ्या वाजवत ओरडत होते, "वा नीलकंठराव, वा!" यांना मी इतकं हसताना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.
सगळे वर बघत होते. मी खोळेची घडी घातली. चारही कोपरे अगदी बरोबर जुळले.