पौर्णिमेचं चपलीचं झाड

२ जुलै
आधी रोजनिशीची माफी मागतो. होळीनंतर आजच लिहितोय. चष्मा सापडत नव्हता.

पौर्णिमा सकाळी अमरावतीहून आली. दिवाळीपर्यंत हैदराबादला ट्रेनिंग आहे म्हणे. जाताना आपलं स्लिपर ऑर्किड माझ्याकडे ठेवून गेली. चपलीसारखं फूल येतं त्याला. सुभद्रेनं शेवटच्या आजारपणात लेकीला घेऊन दिलेलं. म्हणाली, "बाबा, आईच्या हातचं एवढंच जिवंत आहे. काही बदलू नका." शब्द दिला. पोरीचा माझ्यावर भरवसा आहे.

३ जुलै
झाड नीट पाहिलं. दह्याच्या डब्याएवढी प्लास्टिकची कुंडी, बुडाला भोकंच भोकं. आत माती नाहीच! सालीचे तुकडे आणि कोळसा. इतकी शिकलेली पोर, झाड उपाशी ठेवलं.
बदलू नका म्हणाली. पण पोट भरणं म्हणजे बदलणं नव्हे.

६ जुलै
भाच्याकडून तेल्हाऱ्याची पोतंभर काळी माती मागवली. जिथं कपाशी छातीला लागते, तिथं या वीतभर झाडाचं काय! शेणखत मिसळलं. सिमेंटची कुंडी आणली, घमेल्यापेक्षा मोठी. वाढत्या अंगाला कपडा मोठाच घ्यावा. खत वाहून जाऊ नये म्हणून बुडाचं भोक बुजवलं. जुनी साल बंबात घातली. आंघोळीचं पाणी फर्स्टक्लास तापलं.

शेजारचा दाऊद कुंपणावरून म्हणाला, "नत्थू, येवढी कुंडी कायले बे? आंघोळीले बसतं काय तिच्यात?" जळतो मेला. सुरैय्याभाभीनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. बाई समजूतदार आहे.

२० जुलै
रोज तांब्याभर पाणी घालतो. पावसाचं वेगळं. पानं पिवळी पडली. जड अन्न आहे, पचायला वेळ लागणारच.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाहून आलो, तर दोन पानं हातात आली. उकरून पाहिलं. मुळं लिबलिबीत, वास नालीसारखा. जन्मभर जिच्यात राबलो त्या मातीनं दगा दिला. भाच्यानं दुसऱ्याच्या वावरातली भरली असावी.
पौर्णिमेचा फोन आला. झाड कसं आहे? म्हणालो, मजेत.
संकल्प : उद्या तिला सगळं खरं सांगणे.

१६ ऑगस्ट
रेंज नव्हती.

९ सप्टेंबर
झाड गेलं. पुरलं नाही. पुरलेलंच होतं.

२४ ऑक्टोबर
पौर्णिमा यायची वेळ झाली. असं झाड कुठं विकत मिळतं ते विचारायला दाऊदकडे गेलो. त्याच्या न्हाणीघराच्या खिडकीत तेच झाड! दह्याच्या डब्याएवढी कुंडी, साल, कोळसा आणि वर चपलीसारखं फूल.

चोर म्हणालो त्याला. भाभी म्हणाली, "भाऊ, पौर्णिमानं तुमच्याकडे यायच्या आधीच अर्धं झाड इथं ठेवलं. म्हणे, बाबा तेल्हाऱ्याची माती घालतीनच. पण त्यायले देलं नाही तर वाईट वाटीन."
दाऊद म्हणाला, "मले बोलू नाही देलं इनं. तरी कुंडीवरून टोकलं होतं ना बे तुले!"

पोटची पोर, जुना दोस्त, माती. सगळे सामील.

२५ ऑक्टोबर
पौर्णिमेला मेसेज केला : झाड दाऊदकडे हवापालटाला ठेवलं. फुललं आहे.
वाचल्याच्या निळ्या रेघा दुपारीच आल्या.

संध्याकाळी पुन्हा लिहिलं : अर्धं तिकडे ठेवलंस, बरं केलंस. आईचं फूल पाहायला येतेस ना? रागावली असशील तर तसं कळव, पण लवकर कळव.