गुडदाणीतली हेमलता

१९ डिसेंबर १९३६, शनिवार
शाळेला नाताळची सुट्टी लागली. संकल्प: पहाटे पाचला उठणे. थंड पाण्याने स्नान. वेदान्ताचा जाड ग्रंथ सुट्टीत संपवणे. चहा दिवसातून एकदाच. ‘कादंबरीवाचनाचे दुष्परिणाम’ हा माझा निबंध स्वच्छ अक्षरात लिहून तयार आहे. नव्या वर्षात पुण्याच्या एखाद्या मासिकाकडे पाठवणे. खळबळ उडणार.

वाचनालयाच्या कमिटीनं माझा ठराव पास केला, हीही वर्षअखेरची मोठी गोष्ट. सगळ्या प्रेमाच्या कादंबऱ्या कपाटातून काढून रद्दीत. चिटणीस या नात्यानं मीच मांडला आणि मीच त्यावर तासभर बोललो. विरोध झाला नाही. दोघे झोपले होते.

संध्याकाळी. स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे ‘हिलस्टेशनवरची हेमलता’ सापडली. आमच्याच वाचनालयाची! चिटणीसाच्या घरात! ताबडतोब जप्त केली. कस्तुरा म्हणाली, “थोडकंच राहिलंय हो. तेवढं वाचू द्या.” मी समजावलं की अशा वाचनानं डोळ्यांना ताण पडतो आणि मनाला सवय लागते. वराळ्याहून लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. मीच शिकवलं. ते काय हेमलतेसाठी? ती तांदूळ निवडायला बसली. पटलं असावं.

२० डिसेंबर
उठायला साडेसात. थंडीच तशी. स्नान गरम पाण्यानं, कारण नाक चोंदलं होतं.

जप्त पुस्तक जरा चाळलं. निबंधाला ताजी उदाहरणं लागतील. पहिलं प्रकरण अगदी पोरकट. मुंबईचं एक बडं कुटुंब नाताळात हवापालटाला डोंगरावरच्या बंगल्यात येतं. हेमलता कॉलेजात शिकणारी. तिचा रुमाल उडून तळ्यात पडतो आणि मनोहर नावाचा तरुण बुटांसकट उडी मारतो. डिसेंबरात! एका रुमालासाठी! दुसरं प्रकरणही पोरकट. तिसरं, चौथं, पाचवंही.

जेवायला तीनदा हाक मारली असं कस्तुरा म्हणते. मला एकदाही ऐकू आली नाही. कान तपासून घेतले पाहिजेत.

२१ डिसेंबर
कादंबरीतलं तळं हुबेहूब आमच्या गावाबाहेरच्या तुंगार्लीचं. बांधावरून बंगल्याची खिडकी दिसते असं लेखक ठोकून देतो. अशा थापा उघड्या पाडल्याच पाहिजेत, म्हणून चालत तुंगार्लीला गेलो. खिडकी दिसते. नीट खात्री करावी म्हणून बराच वेळ उभा राहिलो. तेवढ्यात बंगल्याचा माळी आला. “कुनाला बगताय, भाऊ?” मी म्हटलं, तळ्याचं पाणी बघतोय. तो म्हणाला, “पानी तुमच्या पाठीमागं हाय.”

व्यायाम मात्र उत्तम झाला. येताना चहा. घरी दुसरा. तो उद्याच्या खात्यात.

२२ डिसेंबर
वेदान्त: मुखपृष्ठ पाहिलं. बांधणी भक्कम आहे.

हेमलतेच्या वडिलांची मोटार घाटात बंद पडते. मनोहर ती चालू करून देतो, तेव्हा ते त्याला ड्रायव्हरच समजतात आणि नोकरीला ठेवतात. खरं म्हणजे तो इंजिनियर! पण रोज हेमलता दिसेल म्हणून हा गप्प. एक शब्द बोलायला काय जातं याचं? माणसानं इतकं भिडस्त असू नये. मला त्याचा फार राग आला. दुपारी झोप लागली नाही.

कस्तुरानं विचारलं, “कुठवर आलं?” मी म्हटलं, काय? ती म्हणाली, “वेदान्त.” मी सांगितलं, मायेच्या प्रकरणात आहे.

२३ डिसेंबर
बंगल्यावर एक बॅरिस्टर येऊन राहिला आहे. चष्मेवाला, पियानो वाजवणारा, अत्यंत नीच. हेमलतेला वाटतं मनोहरचं दुसरीकडे ठरलंय. मनोहरला वाटतं हेमलतेचं बॅरिस्टरशी ठरलंय. दोघंही मुकाट. मनोहर ट्रंक उचलून स्टेशनकडे निघाला. मला घास उतरेना. कस्तुराला सांगितलं, पित्त.

२४ डिसेंबर, गुरुवार
घात झाला.

मनोहर गाडीत बसला होता. शिट्टी झाली होती. हेमलता धावत फलाटावर शिरली होती. इतक्यात दारात अंबाजीराव! कमिटीतले माझे उजवे हात. ठरावाप्रमाणे कादंबऱ्या गोळा करायला पोतं घेऊन आले होते. “चिटणीसांच्या घरी काय असणार, आपली रीत म्हणून विचारतो,” असं हसून म्हणाले. आतून कस्तुराचा आवाज: “हाय की. यांच्या उशाशी.”

अंबाजीराव म्हणाले, “परीक्षणासाठी ठेवली असणार.” मी मान हलवली. “तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून समाज टिकून आहे.” पुन्हा मान हलवली. दोन दिवस राहू द्या, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या हातानं हेमलता पोत्यात टाकली.

पोतं गेलं स्टेशनवर गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकणाऱ्या झुंबरबाईकडे. पुड्या बांधायला. हेही माझ्याच ठरावात होतं.

कस्तुरा मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या हळदीकुंकवाला गेली. यायला उशीर झाला. मी विचारलं नाही. माझं लक्षच नव्हतं.

२५ डिसेंबर, नाताळ
स्टेशनवर सहज चक्कर मारली. मुंबईहून हवापालटाला आलेल्या मंडळींची तोबा गर्दी. झुंबरबाईसमोर फाडलेल्या पानांची चळत. चिटणीसानं कादंबरीची पानं मागायची कशी? म्हणून गुडदाणी घेतली. पुडीत बॅरिस्टर. आणखी एक घेतली. पुन्हा बॅरिस्टर. मग तळ्यात उडी. मग भलत्याच पुस्तकातलं लोणचं.

झुंबरबाई म्हणाली, “येवडी गुडदाणी कुटं ठिवता, मास्तर? घरात ल्येकरू तर न्हाई.” पाहुणे येणार आहेत म्हणालो. ती म्हणाली, “येऊ द्या, येऊ द्या,” आणि वर एक तुकडा फुकट दिला. हा फुकटचा तुकडा मात्र मी खिशातच ठेवला. घरात आम्ही दोघंच. दिवसभर कस्तुरानं दुसरं करायचं तरी काय होतं?

२६ डिसेंबर
दाढ ठणकते. तरी गेलो.

मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत एक लठ्ठ गृहस्थ खिडकीशी गुडदाणी खात होते. हातातल्या कागदावर ‘हेमलता धापा टाकीत’ एवढं स्वच्छ दिसलं! मी खिडकीला नाक लावलं. त्यांना वाटलं मला गुडदाणी हवी. भला माणूस, तुकडा पुढे केला. कागद हवा म्हणून सांगणार तोच गाडी हलली. फलाटाच्या टोकापर्यंत पळालो. त्यांनी कागदाला हात पुसून तो घाटाच्या दिशेनं सोडून दिला.

शाळेतल्या एका मुलाचे वडील फलाटावर होते. त्यांनी नमस्कार केला. मी तुकडा हातात घेऊन नमस्कार केला.

२७ डिसेंबर
दाढेला लवंग. आजच्या पहिल्याच पुडीत जाड, उत्तम कागद. सुबक हस्ताक्षर. वाचलं: ‘कादंबरीवाचनाने मनुष्य दुर्बळ, चोरटा व गोडघाशा बनतो.’

अक्षर माझं! माझा निबंध! दुसरी प्रत नाही! झुंबरबाईला विचारलं, हे कुठून आलं? “तुमच्या मास्तरीणबाईंनीच दिलं की बेस्तरवारी, हळदीकुंकवाच्या सांजंला. लय झ्याक कागूद हाय, अजून पुरतोय. त्येच्या बदली त्या फाटक्या बुकाची शेपटी घिऊन गेल्या.”

म्हणजे मी तीन दिवस फलाटावर दात पाडून घेत होतो आणि शेवट आमच्याच घरी होता. भयंकर संतापलो. कस्तुराला खडसावायचं ठरवलं. वाक्यं जुळवत घरी आलो. ती चुलीपाशी होती. मान वर करून म्हणाली, “दाढ लय दुखती का?” वाक्यं विसरलो.

२८ डिसेंबर
दुपारी ती म्हणाली, “पावट्याच्या शेंगा सोलून द्या, मी वाचून दाखवते.” कसलं वाचन हे मी विचारलं नाही. सोलायला बसलो. केवळ तिचे उच्चार तपासावेत म्हणून.

फार छान वाचते ती. अडखळत नाही. हेमलता डब्यापाशी पोचते, मनोहर खिडकीतून वाकतो, दोघांच्या डोळ्यांत पाणी, गाडी हलते, मनोहर ओठ उघडतो आणि कस्तुरानं पुस्तक मिटलं.

मी म्हणालो, “थोडकंच राहिलंय हो. तेवढं वाचू द्या.”

ती म्हणाली, “डोळ्यांना ताण पडतो. आनि मनाला सवय लागते.” शेंगांची परात उचलून आत गेली. डबा सरकल्याचा आवाज झाला.

संकल्प: उद्या पहाटे पाचला उठणे. ती साडेपाचला उठते.

२९ डिसेंबर
पाचला उठलो. सुट्टीतला पहिलाच संकल्प तडीस गेला. चाचपडत तांदळाच्या डब्यामागे हात घातला. जाडजूड काही लागलं. चुलीच्या निखाऱ्याशी नेऊन पाहिलं. वेदान्त.

अंथरुणातून आवाज आला, “उठलाच हाय तर चहा ठेवा. माझाबी.”

ठेवला. दोघं चुलीपाशी बसलो. बाहेर दाट धुकं. ती चिडवेनासुद्धा. चिडवलं असतं तर बरं झालं असतं. कपातला चहा निवत गेला. शेवटी माझ्या तोंडून कसंबसं निघालं, “कस्तुरा, चुकलं माझं.”

ती चहाचा घोट घेऊन म्हणाली, “मनोहरबी हेच म्हनतो.”

मी विचारलं, मग गाडी थांबते का?

ते ती सांगत नाही. ठराव मागे घेण्यासाठी आज संध्याकाळी कमिटीची सभा बोलावली आहे.