किल्लीचा ठोकळा

सोमवार, ४ मार्च
भाषण मीच करायचं ठरलं! मानवी हक्क आयोगापुढं, तीन मिनिटं. बायका म्हणाल्या, तुझंच तोंड मोठं. चौथीत शाळा बंद झाली, तोंड काही बंद झालं नाही.

विषय — आमचा संडास. शर्टांच्या कारखान्यात आम्ही साठ बायका, संडासाला कुलूप, किल्ली एकच. तीही साहेबाच्या टेबलावर, वीतभर लाकडी ठोकळ्याला बांधलेली — हरवू नये म्हणे! दिवसातून दोनदाच मिळते. सगळ्यांदेखत मागायची.

धाकटी जाऊ माझ्या शेजारच्या मशीनवर असते. मागायची लाज, म्हणून दिवसभर पाणीच प्यायची नाही. गेल्या महिन्यात मूत्रपिंडाला सूज, आठ दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले, पुन्हा झालं तर अवघड आहे. अजून घोटघोटच पिते, येडी.

बुधवार, ६ मार्च
आमची तक्रार चालवणाऱ्या वकीलबाई भाषण शिकवतात. "'साहेब राक्षस आहे' असं नाही म्हणायचं. 'व्यवस्थापनाला नम्र विनंती' म्हणायचं."
म्हटलं, राक्षसाला विनंती कशी करतात?
हसल्यासुद्धा नाहीत. "गोड बोला. नाहीतर आयोग कागद फायलीत लावून मोकळा."

गुरुवार, ७ मार्च
गोड बोलून जबडा दुखला.

शुक्रवार, ८ मार्च
सगळं पाठ! जावेला म्हणून दाखवलं. कॉलरी शिवता शिवता तिनं ऐकलं आणि जांभई दिली. वर म्हणते, "छान आहे हो, ताई." खोटारडी.

सोमवार, ११ मार्च
काय दिवस गेला!

सकाळी कारखान्यातूनच निघाले. निघताना किल्ली मागून जाऊन आले — भर सभेत नको ती आफत. पिशवी जड लागली. वाटलं, जावेनं डबा दिला असेल.

माझं नाव पुकारलं. "आदरणीय अध्यक्षबाई" झालं आणि पुढचं सगळं गायब! कागदासाठी पिशवीत हात घातला — हातात ठोकळा. किल्लीसकट!

मग कसली नम्र विनंती! ओरडलेच, "अहो, ही किल्ली इथं आहे! म्हणजे तिकडं एकोणसाठ जणी दोन तास तशाच! आणि माझी जाऊ, आत्ताच दवाखान्यातून उठलेली!" राक्षससुद्धा म्हणून झालं. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. तीन मिनिटांची घंटा वाजली, तिलाही म्हटलं, गप गं!

अध्यक्षबाई ताडकन उठल्या. "गाडी काढा. बाई, चला, आधी दार उघडा. उरलेली सुनावणी तिथंच."

कारखान्यात मशीनं बंद. दारापाशी बायकांची रांग, सगळ्यांत पुढं जाऊ. साहेब टेबलाखाली रांगत किल्ली शोधतोय! आयोगाचे पाच जण बघतच राहिले. तिथल्या तिथं हुकूम लिहिला.

माझ्या वेंधळेपणाची लाज वाटते, पण हसूही येतंय.

गुरुवार, १४ मार्च
कुलूप काढलं. दाराला आतून कडी बसवली. ठोकळा मी उशाशी ठेवलाय.

शुक्रवार, १५ मार्च
जेवणाच्या सुट्टीत जाऊ हळूच म्हणाली, "ताई, किल्ली तुम्ही नव्हती नेली. टेबलावरून उचलून मीच पिशवीत टाकली. पाठ केलेलं बोलता तेव्हा झोप येते हो. चिडलात की ऐकावंसं वाटतं."

मी आ वासून बघतेय, तोवर बाईनं माझीच पाण्याची बाटली उचलली आणि घटाघटा रिकामी केली.