थोडंसंच दुखतंय

२ फेब्रुवारी
आज रुजू झाले. किती छान जागा आहे! इथे बरे न होणारे रुग्ण राहतात हे बाहेरून बघणाऱ्याला पटायचंही नाही. पुरुषांच्या खोलीत चार खाटा, पिवळे पडदे, खिडकीवर वेल. मोठ्या सिस्टर कडक दिसतात, पण चहा त्यांनीच करून दिला. म्हणाल्या, इथे आजार बरा करायचा नाही. दुखणं, वास आणि लाज, एवढंच आवरायचं. शुश्रूषा मी आधी घरीच, आत्याच्या हाताखाली शिकले. तिचा एकच दंडक: रुग्ण म्हणेल तेच लिहायचं, पदरचं अक्षर घालायचं नाही.

५ फेब्रुवारी
खिडकीजवळच्या खाटेवर घड्याळजी आहेत. लिंगाचा कर्करोग, अवयव कापून काढला तरी जांघेपर्यंत पसरलेला. वर्षभर बायकोलाही सांगितलं नव्हतं म्हणे. रोज दुपारी तीनला मी त्यांची पट्टी बदलते, वास मरावा म्हणून जखमेवर पावडर टाकते. त्याआधी दुखणं शून्य ते दहात विचारायचं; पाचच्या वर असेल तर मॉर्फिनचा जादा डोस. ते दरवेळी छताकडे बघत म्हणतात, थोडंसंच दुखतंय, दोन लिही. काटा गेला तरी टिकटिक चालू आहे, अशी थट्टाही करतात. हसावं की नाही, कळत नाही. मी दोन लिहिते.

११ फेब्रुवारी
घड्याळजी सकाळी गेले. खाट आवरताना उशीचा कोपरा दिसला, चावून चावून चिंध्या झालेला. मोठ्या सिस्टरांनी माझी वही चाळली. दोन, दोन, दोन. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, अगं, लेकीच्या वयाच्या मुलीला त्या जागेचं दुखणं पुरुष माणूस किती सांगणार? चेहरा वाचायचा असतो, आकडा नाही.
चेहरा मला दिसत होता. दिसत होता, आणि मी दोन लिहिलं.

१४ फेब्रुवारी
तीन वाजता रिकाम्या खाटेच्या पडद्याआडून कोणी म्हणालं, थोडंसंच. पडदा सरकवला. कोरी चादर. मोठ्या सिस्टर म्हणतात, मनाला लावून घेऊ नकोस.

१७ फेब्रुवारी
त्या खाटेवर सुतारकाका आले. प्रॉस्टेटचा कर्करोग, हाडांत उतरलेला. म्हणाले, दुखलं तर बोंब मारीन पोरी, मी लाजणाऱ्यातला नाही. किती हायसं वाटलं!
तीनला पडद्याआडून आवाज आला. दहा. धावत गेले, जादा डोस तोंडाशी धरला. काकांनी मुकाट्याने घेतला, मग विचारलं, मी कुठे काय म्हणालो?

१८ फेब्रुवारी
काका दिवसभर गुंगीत. श्वास मिनिटाला आठ. काकांनी न मागता डोस दिल्याचं डॉक्टरांना कबूल केलं. त्यांनी बजावलं, काकांनी स्वतः मागितल्याशिवाय थेंबही नको, श्वास थांबेल.
तीन वाजले. दहा. कानात बोटं घातली. आवाज आतूनच —

१९ फेब्रुवारी
मोठ्या सिस्टर आज नाहीत. नंतर कोणी खोटं म्हणायला नको म्हणून इथे काकांच्या खाटेशीच बसून लिहिते.
तीन. काकांना विचारलं. नको पोरी, म्हणाले. आकडा शून्य.
पण चेहरा — चेहरा काकांचा नाही.
छताकडे बघतायत. नको, नको म्हणतायत — घड्याळजीही असंच — माझ्यापासून लपवायला —
बाटली उघडली आहे. या वेळी मी आकडा ऐकणार नाही. या वेळी पुरतं —
हात धरतायत माझा. किती जोर आहे अजून —