माझ्या नावानं मागितलेली दुआ

नेरूळ

शायमा,

तू बाळंतपणाला माहेरी महाडला गेलीस, त्याला महिना झाला. आपल्या ट्रॅव्हलच्या ऑफिसात तुझी खुर्ची रिकामी आहे आणि खरं सांगते, मला त्याचं बरं वाटतं.

विमानं अचानक बंद झाली, उमऱ्यासाठी मक्केला निघालेली आपली गिऱ्हाइकं अडकली, तेव्हा मी फोन उचलणंच सोडलं. पंधरा वर्षं काउंटरवर बसलेली तुझी नणंद! शिव्या कोण ऐकणार? तू मात्र रोज सकाळी एकेकाला स्वतःहून फोन लावायचीस. "आज पण काय खबर नाही, चाचा. उद्या परत सांगते." चार दिवसांत तीच ओरडणारी माणसं तुझ्या तब्येतीची चौकशी करायला लागली. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

विमानं सुरू झाली. तू जेवायला गेलेलीस, तेव्हा करंजाड्याच्या म्हाताऱ्या हमीदाखाला स्वतःचं तिकीट न्यायला आल्या. त्यांना कमी ऐकू येतं, आवाजावरून माणूस ओळखता येत नाही.

"रोज फोन करायची ती पोरगी कुठाय?"

"मीच ती," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, नाव विचारलं.

परवा त्या खजूर घेऊन आल्या. "काब्यासमोर तुझं नाव घेऊन दुआ मागितली हां, झुलेखा."

खजुराची पिशवी मी तशीच तुझ्या खुर्चीवर ठेवली. तुला हे सांगायची हिंमत नाही, हे पत्रही मी टाकणार नाही.

आता तिकीट-व्हिसाची खबर द्यायला गिऱ्हाइकांना सकाळचे फोन मीच करते. तुझ्यासारखंच गोड बोलते. तरी ठेवताना लोक विचारतात, "ती आधीची मुलगी कधी येणार?"

तुझ्या वाट्याची दुआ घेऊन बसलेली,
झुलेखा