हिरडीत गेलेल्या दाताचा एक्स-रे पोटाऐवजी तोंडाचा काढण्याबाबत

प्रति,
वैद्यकीय अधीक्षक,
धर्मादाय बालरुग्णालय, कुंभकोणम्

विषय : चि. हरिणी (वय चार) हिच्या तोंडाचा एक्स-रे मंजूर होणेबाबत.
संदर्भ : "पोटात दात आढळला नाही" हा आपल्या सहीचा अहवाल.

महोदय,

खाली सही करणारी पंकजा सुरेंद्र राव, पितळी भांड्यांची दुकानदार, सविनय कळवते की,

१. गेल्या एकादशीस गोविंदपुरम् येथे भजनात समईभोवती नाचताना माझी मुलगी हरिणी दगडी उंबऱ्यावर तोंडघशी पडली. वरचा पुढचा दात हिरडीत असा रुतला की दिसेनासा झाला. लगेच तिला आपल्याकडे आणले. आपण सोलापूरकडचे. आम्ही मराठी आहोत हे कळताच, "तमिळ कशाला, आपल्या भाषेत सांगा," असे आपुलकीने म्हणालात. घराबाहेर आम्हास असे कोणी म्हणत नाही. मी हरखले आणि सांगितले, "दांत आंत गेला."

२. आपण त्याचा अर्थ "गिळला" असा घेतलात आणि पोटाचा एक्स-रे झाला. आमची मराठी काही शतकांपूर्वी इकडे आली. तिच्यात आंत म्हणजे अजून आंतच. तिकडे मध्यंतरी तो शब्द पोटापर्यंत उतरला असल्यास आम्हास कोणी कळवले नाही.

३. पोटाचा फोटो उत्तम निघाला, आभारी आहे. त्यात दात नसल्याने तो पुढे सरकला असावा, म्हणून रोज शौचात शोध घेण्याची सूचना मिळाली. माझ्या यजमानांनी ती किती निष्ठेने पाळली, हे लिहिणे अर्जाच्या मर्यादेत बसत नाही.

४. आपल्याच रुग्णालयातील दंतवैद्य डॉ. जननी यांनी हिरडी चाचपून दात तिथेच असावा असे सांगितले. दुधाच्या दातामागे कायमचा दात घडत असतो. रुतलेले मूळ त्याच्याकडे वळले असेल तर दुधाचा दात काढावा लागतो. नसेल तर तो आपोआप खाली येण्याची वाट पाहायची. यातले काय ते तोंडाच्या छोट्या एक्स-रेशिवाय कळत नाही, आणि त्यास आपली सही लागते. परंतु नोंदीत दात गिळलेला आहे. कार्यालयातील सरोजा मॅडम म्हणतात, नसलेल्या दाताचा फोटो काढता येत नाही; दात तोंडात असल्याचा पुरावा आणा. कोणता पुरावा चालेल असे विचारले, तर म्हणाल्या, एक्स-रे. वर समजूतही घातली, "पाल् पल् दाने", दुधाचाच तर दात.

५. हे सारे हरिणीने ऐकले. पोटात दात आहे आणि काही खाल्ले की तो चावेल, असे तिने ठरवून टाकले आहे. दहीभातसुद्धा नको म्हणते. हिरडी सुजली आहे. महोदय, मला भीती वाटते. दुधाचा दात जाईल तर जावो. त्याच्यामागचा दात तिला जन्मभर पुरवायचा आहे. माझ्या एका शब्दापायी तो बिघडू नये.

तरी उद्या सकाळी मी तिला घेऊन येत आहे. पुन्हा घोळ नको म्हणून मी गप्प राहीन, मराठीत आणि तमिळमध्येही. आपण फक्त तिला "आ" करायला सांगावे. तेवढे दोन्हींत सारखेच आहे.

आपल्या सहीच्या प्रतीक्षेत,
पंकजा सुरेंद्र राव
कुंभकोणम्, दि. १४ जुलै २०२५

सोबत : पोटाचा एक्स-रे, साभार परत.