ओले हात

वेसावे, अंधेरी
१२ नोव्हेंबर १९८६

चि. नंदूस आजीचा आशीर्वाद, वि. वि.

तू पोलिसात लागलास म्हणून मी बाजारात पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी हवालदार धोंडिराम माझ्या मासळीच्या पाटीशी येऊन म्हणाला, आता आपण घरचेच झालो, हप्ता वेळेवर देत जा, नाहीतर जागा खाली कर. पापलेट तर मेला रोज नेतच होता.

मी सरळ लाचलुचपतवाल्यांच्या हापिसात गेले. त्यांनी नोटांना पूड लावली. ती ज्याच्या हाताला लागेल, त्याचे हात त्यांच्या औषधाच्या पाण्यात गुलाबी होतात. नोटा भिजवू नको म्हणून मला बजावलं. मग मी सकाळपासून मासळीला शिवलेच नाही, हात पुसून बसले. शेजारच्या सखुबाईनं विचारलं, घरात कोण गेलं काय. धोंडिरामानंही माझे हात बघितले आणि आल्या पावली परतला. कोळीण बाजारात कोरड्या हातानं बसली, तर त्याला संशय येणारच. माझीच अक्कल शेण खायला गेली.

पण मी परत बसणार. तिथे ट्रेनिंगमधली चपाती कच्ची असेल तर तोंडावर सांगत जा.

तुझी आजी
कृष्णाबाई

खंडाळा
१८ नोव्हेंबर

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

धोंडिरामाचा निरोप आमच्या कवायतीच्या उस्तादांपर्यंत आला. परेडनंतर बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, आजीला आवरतोस की घरी जातोस. आजी, तक्रार मागे घे ना. बाबा गेल्यावर घरात दुसरा पगार कुणाचा आहे? सगळेच घेतात गं. रागावू नकोस.

तुझा नंदू

वेसावे
२७ नोव्हेंबर

चि. नंदूस आशीर्वाद, या खेपेला जरा तिखट.

सगळेच घेतात, हे तू लिहिलंस? याच पाटीवर तुझी फी भरली रे मी.

नातवापायी तक्रार मागे घेतली, असं मी बाजारभर पसरवलं. या वेळी लाचलुचपतच्या साहेबाला मीच सांगितलं, नोटा माझ्या पानाच्या डब्यात तुम्हीच ठेवा. मी कोपरापर्यंत ओली, बोंबील साफ करत बसले. धोंडिराम आला. मी म्हटलं, बाबा, हात माझे ओले, डब्यातून तूच घे. त्यानं नोटा घेतल्या, वर मोजल्यासुद्धा. गिऱ्हाईक होऊन उभ्या असलेल्या साहेबाच्या माणसांनी मनगट धरलं. पाण्यात हात बुडवले, तर उकडलेल्या कोळंबीचा रंग.

तुझ्या उस्तादाचं बोलणंही साहेबाच्या कानावर घातलंय. नोकरी गेली तर होडी आहे, वल्ही मारायला तुला भरती लागत नाही.

नातवाचे हात तपासायला थोडी पूड घरी द्या म्हटलं, तर साहेब हसला, दिली नाही. बरं. सुट्टीत येशील तेव्हा वर्दीवर दारात उभा राहा आणि सांग, हे हात स्वच्छ आहेत. मी तोंडाकडे बघेन. मग आत ये, बोंबील तळते.

माया आहेच, वाढवायची की नाही ते त्या दिवशी ठरवीन.

तुझी आजी
कृष्णाबाई